चाचा कोणास म्हणावे? : दस्तक, जकात आणि आंग्रेकालीन कोकणचा समुद्र

बीजसंज्ञा : आरमार, सरखेल, दस्तक, कार्ताझ, जकात, चाचेगिरी

प्रस्तावना

रत्नागिरी शहराच्या पश्चिमेस काळ्या वाळूचा जो किनारा पसरला आहे त्यास मांडवी असे नाव आहे. दक्षिणेस राजिवडा आणि भाट्याची खाडी, उत्तरेस समुद्रात शिरलेल्या डोंगरावर रत्नदुर्ग ऊर्फ भगवती किल्ला, आणि या दोहोंच्या मध्ये हे बंदर. आज येथे संध्याकाळी फिरावयास येणाऱ्या माणसाच्या मनात हे नाव काही विशेष अर्थ जागवीत नाही. परंतु मांडवी हा शब्द मुळात जकातीच्या व्यवहाराशी निगडित आहे. बंदरावरील जकातघर, मालाची चढउतार होणारी पेठ, असा त्याचा जुना अर्थ. मुंबईतील मांडवी काय, कच्छमधील मांडवी काय, या नावांच्या मुळाशी समुद्रावरून आलेल्या मालावर सरकारी हक्क वसूल करण्याची जागा हीच कल्पना आहे. कोकण किनाऱ्यावरील चाचेगिरीची चर्चा करताना सुरुवात तलवारीपासून न करता या जकातघरापासून करणे अधिक उचित ठरते. कारण कोणास चाचा म्हणावे आणि कोणास आरमारप्रमुख, हा वाद वस्तुतः समुद्रावर कर घेण्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नाभोवतीच फिरत राहिला आहे.

आजच्या महाविद्यालयीन विद्यार्थ्याला चाचा परिचित आहे तो चित्रपटांतून आणि संगणकावरील खेळांतून. अवकाशात जहाजे हाकून परक्यांचा माल लुटण्याची भूमिका तो हौसेने वठवितो. त्याच विद्यार्थ्याच्या जिल्ह्यातील दर्यावर्दींना जगातील अनेक ग्रंथांनी दोनशे वर्षे चाचे म्हटले, हे मात्र त्याच्या कानी बहुधा पडलेले नसते. किंवा पडले असल्यास त्याला शिकविणारा शिक्षक तो आरोप एका वाक्यात झटकून मोकळा होतो. प्रस्तुत निबंधात तो आरोप झटकण्याऐवजी त्याची घडण तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

परवान्याचा समुद्र

हिंदी महासागरात परवान्याची सक्ती रूढ केली ती पोर्तुगीजांनी. सोळाव्या शतकाच्या आरंभापासून त्यांनी कार्ताझ नावाचा परवाना देण्यास सुरुवात केली. जहाजाचे नाव, नाखव्याचे नाव, त्यावरील शस्त्रे, जाण्यायेण्याचे ठिकाण असा तपशील त्यात असे, आणि ठराविक पोर्तुगीज बंदरात जकात भरण्याची अट असे. असा कागद ज्याच्यापाशी नाही ते जहाज जप्त करण्यास पोर्तुगीज स्वतःस मुखत्यार समजत. मोगल बादशहासारख्या सार्वभौम सत्ताधीशाच्या यात्रेकरूंच्या जहाजांनाही हा परवाना घ्यावा लागे. इतकेच नव्हे, तर 1613 मध्ये जहांगीर बादशहाच्या मातेचे ‘रहीमी’ हे जहाज परवाना असतानाही पोर्तुगीजांनी पकडून नेले. या कृत्यास पोर्तुगीज चाचेगिरी असे शीर्षक देऊन स्वतंत्र प्रकरण लिहिणारे युरोपीय इतिहासकार विरळाच.

सतराव्या शतकाच्या अखेरीस या समुद्रात खरोखरीचे, म्हणजे कोणत्याही राज्याच्या वतीने न लढणारे, युरोपीय चाचे मोठ्या संख्येने आले. सप्टेंबर 1695 मध्ये हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने मोगलांचे ‘गंज-इ-सवाई’ हे जहाज लुटले. त्याचे परिणाम सुरतेच्या इंग्रज वखारवाल्यांना भोगावे लागले. औरंगजेबाच्या अधिकाऱ्यांनी त्यांना कैद केले. मोगल दरबाराच्या दृष्टीने टोपीकर तेवढे सारखे. कंपनीचा व्यापारी आणि चाचा यांतील भेद त्यांना पटण्यासारखा नव्हता.

विल्यम किडचे प्रकरण तर परवान्याच्या या जगावर लख्ख प्रकाश टाकणारे आहे. चाच्यांचा बंदोबस्त करण्यासाठी आणि फ्रेंच जहाजे पकडण्यासाठी इंग्लंडच्या राजाची सनद घेऊन तो 1696 मध्ये निघाला. जानेवारी 1698 मध्ये मलबार किनाऱ्यालगत त्याने ‘क्वेदा मर्चंट’ हे जहाज पकडले. जहाजावर फ्रेंच परवाना सापडला, सबब ही लूट कायदेशीर, असे त्याचे म्हणणे. लंडनच्या न्यायालयात हे परवाने पुराव्यात आलेच नाहीत आणि मे 1701 मध्ये किडला फाशी झाली. ते कागद पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी सरकारी दफ्तरात सापडले. एका कागदाच्या असण्यानसण्यावर माणूस राजाचा सेवक ठरतो की चाचा, याचे याहून बोलके उदाहरण क्वचित मिळेल.

आज्ञापत्रातील आरमार आणि कान्होजींचा दावा

मराठ्यांच्या आरमाराचा पाया शिवाजी महाराजांनी 1657 नंतर कल्याण-भिवंडी हाती आल्यावर घातला. त्या आरमाराने समुद्रावर कसे वागावे याविषयीचे विचार रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात (1715-16) ग्रथित झाले आहेत. त्यातील आरमारविषयक प्रकरण काळजीपूर्वक वाचले असता एक गोष्ट ध्यानात येते. कौल घेतलेल्या सावकारांच्या तरांड्यांचे रक्षण करावे, हे तर तेथे सांगितले आहेच. परंतु ज्या परमुलुखीच्या तरांड्यांपाशी कौल नाही त्यांच्यावरही एकाएकी हात न टाकता त्यांना दिलासा देऊन बंदरात आणावे, सावकाराचा आदर करावा, योग्य ती जकात घ्यावी, असा आशय आहे. शत्रूच्या जहाजांची गोष्ट वेगळी. ती पकडून आणावयाची. येथे लूट, जप्ती आणि जकात यांत केलेला भेद स्पष्ट आहे. तो भेद प्रत्यक्ष समुद्रावर प्रत्येक वेळी पाळला गेला असे मानण्याचे कारण नाही. तथापि तो कागदावर होता, आणि ज्या सत्तेपाशी असा भेद करण्याची भाषा आहे तिला केवळ दरोडेखोरांची टोळी म्हणता येत नाही.

कान्होजी आंग्रे यांची कारकीर्द या पार्श्वभूमीवर पाहावयास हवी. सिधोजी गुजर यांच्या मृत्यूनंतर, 1698 च्या सुमारास, मराठी आरमाराची सूत्रे कान्होजींकडे आली. ताराबाई आणि शाहू यांच्या संघर्षात ते आरंभी ताराबाईंच्या पक्षात होते. पुढे बाळाजी विश्वनाथांच्या मध्यस्थीने 1713-14 च्या सुमारास शाहूंशी तह होऊन सरखेलपद आणि दहा मोठे किल्ले व सोळा लहान ठाणी त्यांच्याकडे कायम झाली. म्हणजे ज्या काळात मुंबईचे इंग्रज त्यांना चाचा म्हणत होते, त्या काळात ते छत्रपतींचे सनदी अधिकारी होते, आणि ही गोष्ट मुंबईकरांना माहीत नव्हती असे नाही.

4 नोव्हेंबर 1712 रोजी आंग्र्यांच्या गुराबांनी मुंबईच्या गव्हर्नरची सशस्त्र नौका आणि कारवारहून मिरी घेऊन येणारे ‘अॅन’ हे जहाज पकडले. या चकमकीत कारवारच्या वखारीतील एक इंग्रज अधिकारी मारला गेला आणि त्याची पत्नी कैद झाली. पुढील वर्षी तीस हजार रुपये खंडणी घेऊन तिची सुटका झाली. ही घटना इंग्रजी ग्रंथांतून अनेकदा रंगवून सांगितली जाते आणि खंडणीचा भाग मराठी लेखनात बहुधा गाळला जातो. दोन्ही गोष्टी सारख्याच अपुऱ्या. 1713 मध्ये याच सुटकेच्या निमित्ताने जो करार झाला त्याची कलमे अधिक महत्त्वाची आहेत. कंपनीच्या जहाजांना आंग्र्यांनी उपद्रव देऊ नये. उलट इंग्रजांच्या मालकीच्या जहाजांखेरीज इतर कोणास इंग्रजी निशाण लावू देऊ नये. वादाचे मर्म या दुसऱ्या कलमात आहे.

मुंबईत राहणारे गुजराती व इतर देशी सावकार आपला माल इंग्रजी निशाणाखाली पाठवू लागले. असे जहाज इंग्रजांचे की देशी व्यापाऱ्याचे? कंपनीचे म्हणणे असे की परवाना आमचा, सबब जहाज आमच्या संरक्षणाखालचे. कान्होजींचे म्हणणे असे की कराराने सूट मिळाली ती इंग्रजांना. इतरांनी आमच्या समुद्रातून जावयाचे तर आमचे दस्तक घ्यावे. 1717 पासून याच मुद्द्यावर युद्ध भडकले. गव्हर्नर चार्ल्स बून याने 1717 मध्ये विजयदुर्गावर, 1718 मध्ये खांदेरीवर, 1720 मध्ये पुन्हा विजयदुर्गावर मोहिमा काढल्या, आणि 1721 मध्ये पोर्तुगीजांच्या साह्याने कुलाब्यावर. एकही सफल झाली नाही.

1724 मध्ये गव्हर्नर फिप्स याच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात कान्होजींनी परधनाच्या अभिलाषेचा आरोप परतवून लावताना दिलेले उत्तर इंग्रजी अनुवादात उपलब्ध आहे. त्याचा मथितार्थ असा की ही अभिलाषा व्यापाऱ्यांनाही सुटलेली नाही, जगाची रीतच तशी आहे. आणि शिवाजी महाराजांनी स्वबळावर चार पातशाह्यांशी लढून जे राज्य उभे केले, त्याच परंपरेत आपली सत्ता उभी आहे. येथे कान्होजी आपण निष्पाप असल्याचा आव आणीत नाहीत. तुम्ही आणि आम्ही एकाच जातीचे, असे ते सांगतात. राज्याच्या नावाने बळाचा वापर करणारे दोन पक्ष समोरासमोर आहेत, हे त्यांनी नेमके ओळखले होते.

गुराब, गलबत आणि माणसे

आंग्र्यांचे यश मोठ्या जहाजांवर अवलंबून नव्हते. अठराव्या शतकातील इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने दिलेल्या वर्णनानुसार गुराब दीडशे ते तीनशे टनांची, दोन किंवा तीन डोलकाठ्यांची. तर गलबत सत्तर टनांच्या आतले, चाळीस-पन्नास वल्ह्यांचे. वारा पडला की उंच बांधणीचे विलायती जहाज जागीच खिळते. अशा वेळी गलबतांनी गुराबांना ओढत नेऊन त्याच्या पिछाडीस आणावयाचे, तेथून तोफांनी डोलकाठ्या मोडावयाच्या आणि नंतर सर्व बाजूंनी चढून जावयाचे, ही त्यांची रीत होती. खाड्यांची उथळ मुखे, किनाऱ्यावरचे किल्ले आणि पहाटेचा खारा-मतलई वारा यांची ज्याला उपजत जाण आहे त्यालाच हे युद्ध जमावे. ही जाण कोळी, भंडारी, खारवी, गाबीत आणि दालदी समाजातील खलाशांची होती. इतिहासग्रंथांत सरखेलांचे नाव येते; वल्ही मारणाऱ्यांचे नाव येत नाही. मराठी आरमारावरील लेखनाची ही एक ठळक उणीव आहे आणि अभिमानाच्या भरात ती झाकली जाते.

सावकाराच्या बाजूने

आंग्रे चाचे नव्हते, एवढे सिद्ध केल्याने प्रश्न संपत नाही. सुरतेहून मलबारकडे माल धाडणाऱ्या एखाद्या सावकाराची स्थिती डोळ्यांसमोर आणावी. पोर्तुगीजांचा कार्ताझ घ्यावयाचा. जंजिऱ्याच्या सिद्दीस राजी राखावयाचे. आंग्र्यांचे दस्तक घ्यावयाचे. आणि वर इंग्रजी परवाना मिळाला तर पाहावयाचे. प्रत्येक सत्ता संरक्षणाची किंमत मागे, आणि संरक्षण मुख्यतः मागणाऱ्यापासूनच हवे असे. या सावकाराला सार्वभौमत्वाच्या तात्त्विक चर्चेत फारसा रस असण्याचे कारण नव्हते. त्याच्या वहीत हे सारे खर्चाच्या बाजूसच पडत. राष्ट्रीय वृत्तीच्या इतिहासलेखनात हा सावकार जवळजवळ अदृश्य आहे, आणि साम्राज्यवादी लेखनात तो केवळ आंग्र्यांचा बळी म्हणून अवतरतो.

1737 मध्ये प्रसिद्ध झालेल्या क्लेमंट डाउनिंगच्या ग्रंथाच्या शीर्षकातच ‘आंग्रिया चाचा’ असा उल्लेख आहे. जॉन बिडल्फ याचा 1907 चा ग्रंथ ‘द पायरेट्स ऑफ मलबार’ याच वळणाचा. त्यास उत्तर मिळाले ते सुरेंद्रनाथ सेन यांच्या मराठ्यांच्या लष्करी व्यवस्थेवरील 1928 च्या ग्रंथातून आणि पुढे द. गो. ढबू यांच्या आंग्रे घराण्याच्या इतिहासातून (1939). मनोहर माळगावकरांनी 1959 मध्ये इंग्रजीत लिहिलेल्या चरित्राने हे उत्तर महाराष्ट्राबाहेर पोहोचविले. 1951 मध्ये भारतीय नौदलाच्या मुंबईतील तळास ‘आय. एन. एस. आंग्रे’ हे नाव देण्यात आले, तेव्हा शासकीय पातळीवर वादाचा निकाल लागला असे म्हणावयास हरकत नाही. पॅट्रिशिया रिसो यांच्या 2001 मधील लेखाने मात्र प्रश्नाची मांडणीच बदलली. हिंदी महासागराच्या पश्चिम भागात चाचेगिरी या शब्दाचा अर्थ वेगवेगळ्या संस्कृतींना आणि सत्तांना वेगवेगळा कसा दिसला, हा त्यांचा विषय आहे.

संगणकावरील खेळाचा वर उल्लेख आला आहे. त्याकडे पुन्हा वळणे विषयांतर वाटेल, पण ते निरुपयोगी नाही. आइसलँडमधील एका कंपनीने 2003 मध्ये सुरू केलेल्या ‘ईव्ह ऑनलाइन’ या अवकाश-खेळात हजारो खेळाडू एकाच काल्पनिक विश्वात व्यापार आणि युद्ध करतात. तेथे काही प्रदेश साम्राज्यांच्या पोलिसी बंदोबस्तात असतात. तेथे दुसऱ्याच्या निष्पाप जहाजावर हल्ला केला की खेळाडूची पत घसरते, तो गुन्हेगार ठरतो. साम्राज्यांच्या सत्तेपलीकडील प्रदेशात मात्र तोच हल्ला केल्यास पत मुळीच घसरत नाही, कारण तेथे सत्ता खेळाडूंच्या संघांचीच असते. तेथील वाटांवर नाकेबंदी करून परक्यांना अडविणारा संघ स्वतःस चाचा म्हणवीत नाही. आपल्या प्रदेशाचे रक्षण करतो असे म्हणतो. कृत्य तेच, नाव मात्र नकाशा ठरवितो. हा खेळ खेळणाऱ्या विद्यार्थ्याला कार्ताझ आणि दस्तक यांतील झगडा समजावून देण्यास अध्यापकाला फार वेळ लागू नये. फरक इतकाच की खेळात जहाज बुडाले तर दुसरे मिळते.

आधुनिक कायद्यानेही व्याख्येची हीच वाट धरली आहे. 1982 च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदाविषयक करारानुसार खासगी जहाजाने, खासगी हेतूने, खुल्या समुद्रात केलेले हिंसक कृत्य म्हणजे चाचेगिरी. भारताने 2022 मध्ये चाचेगिरीविरोधी स्वतंत्र कायदा केला, आणि मार्च 2024 मध्ये ‘आय. एन. एस. कोलकाता’ने पकडलेले 35 सोमाली चाचे मुंबईत आणून पोलिसांच्या हवाली करण्यात आले. या व्याख्येतील ‘खासगी’ हा शब्द कान्होजींना लागू होत नाही. तुळाजींच्या बाबतीत तो लागू करण्याचा प्रयत्न, विशेष म्हणजे, पुण्याच्या संमतीने झाला.

तुळाजी आणि 1755-56

कान्होजींच्या मृत्यूनंतर (1729) आंग्रे घराण्यात फूट पडली. मानाजी कुलाब्यास आणि संभाजी सुवर्णदुर्ग-विजयदुर्गाकडे अशी वाटणी झाली. 1742 नंतर दक्षिणेकडील भाग तुळाजींच्या ताब्यात आला. 1749 मध्ये त्यांनी इंग्रजांचे ‘रिस्टोरेशन’ हे जहाज पकडले आणि 1754 च्या आरंभी तीन डच जहाजांशी लढून दोन नष्ट केली, एक हस्तगत केले. रत्नागिरी आणि मांडवीचे बंदर याच सत्तेखाली होते.

तुळाजी पेशव्यांची आज्ञा मानीनात. त्यांचा पाडाव करण्यासाठी 19 मार्च 1755 रोजी रामाजी महादेव यांच्यामार्फत पेशवे आणि मुंबईकर इंग्रज यांत करार झाला. एप्रिलच्या आरंभी कमोडोर जेम्स याने सुवर्णदुर्ग घेतला. फेब्रुवारी 1756 मध्ये अॅडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्गावर हल्ला चढविला. बंदरात उभ्या असलेल्या ‘रिस्टोरेशन’वर, म्हणजे इंग्रजांकडून पकडलेल्याच जहाजावर, तोफेचा पेटता गोळा पडला आणि तेथून भडकलेल्या आगीत आंग्र्यांचे जवळजवळ सारे आरमार जळून गेले. तुळाजींचे उर्वरित आयुष्य पेशव्यांच्या कैदेत गेले.

या मोहिमेचा एक तपशील लक्षणीय आहे. विजयदुर्गाकडे निघण्यापूर्वीच इंग्रज अधिकाऱ्यांनी मुंबईत बैठक घेऊन लुटीची वाटणी ठरविली होती आणि मराठ्यांना त्यात हिस्सा द्यावयाचा नाही असा निर्णय केला होता. किल्ल्यात सुमारे दहा लाख रुपयांचा ऐवज सापडला. तो आपसांत वाटून घेतला गेला. चाच्याच्या घरी मिळालेल्या मालाची ही वाटणी पाहता, चाचा या शब्दाने लूट थांबत नाही, तिचा धनी तेवढा बदलतो, असे म्हणावे लागते. किल्ल्याचा ताबा देण्यासही इंग्रजांनी टाळाटाळ केली. ऑक्टोबर 1756 मध्ये पुण्यास झालेल्या तहाने तो पेशव्यांकडे आला आणि बाणकोट इंग्रजांकडे राहिले.

पेशव्यांच्या या धोरणावर मराठी इतिहासकारांनी कठोर टीका केली आहे. ती बरीचशी रास्त आहे. परंतु 1756 बरोबर मराठी आरमार संपले, असे जे सरसकट म्हटले जाते ते तपासून घ्यावयास हवे. विजयदुर्गास पेशव्यांचा आरमारी सुभा पुढे धुळप घराण्याने सांभाळला. 8 एप्रिल 1783 रोजी आनंदराव धुळपांच्या आरमाराने कंपनीचे ‘रेंजर’ हे जहाज रत्नागिरीनजीकच्या समुद्रात गाठले. सालबाईचा तह त्यापूर्वीच झालेला होता. लढाई भीषण झाली. जहाजावरून जाणाऱ्या लष्करी अधिकाऱ्यांपैकी काही ठार झाले, काही जबर जखमी झाले आणि पकडलेले जहाज विजयदुर्गास नेण्यात आले. मांडवीच्या किनाऱ्यापासून फार दूर नसलेल्या पाण्यात, त्याच बांधणीच्या गुराबांनी, त्याच पद्धतीने केलेला हा हल्ला होता. मुंबईकरांनी त्याची दाद मागितली ती पुण्याच्या दरबारात, तहाचा भंग म्हणून.